वगैरे

आमच्या घरात बाबांची वाट कुणी डोळ्यांनी बघत नसे, कानांनी बघत. बाबा गाडीवान. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं खाडीतून महाडच्या बंदराला लागली की त्यांतलं मीठ, रॉकेलचे डबे, मंगळुरी कौलं गाडीत भरायची, पोलादपुरावरून आंबेनळीचा घाट चढून वर महाबळेश्वराला पोचवायची आणि परतताना बटाट्याची पोती आणायची, हा त्यांचा धंदा. आमचं घर पोलादपूरच्या अलीकडे कोसभर, सडकेला लागून. जाताना एक मुक्काम आणि येताना एक मुक्काम घरी पडे. आई चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत असायची आणि तिचा हात मध्येच थांबायचा. सडकेवरून घुंगुरमाळा वाजत यायच्या. घुंगरांबरोबर बाबांनी जीभ टाळूला लावून केलेली टक् टक् ऐकू आली तर आई भाकरी तव्यावर टाकायची. नुसतेच घुंगूर वाजत आले, संथ, बैलांच्या मर्जीनं, तर ती पीठ परातीत ठेवून द्यायची आणि मला म्हणायची, "जा रे सखा, जू सोड." म्हणजे बाबा गाडीत आडवे आहेत आणि बैलांनी त्यांना घरी आणलं आहे.

वाडीतली माणसं म्हणायची, "धोंडूची गाडी बैल हाकतात." ते मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे कॉलेजात कुणी सहज विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" तर पहिल्यांदा मला बैलच आठवायचे. मी सांगायचो, "मालवाहतुकीचा व्यवसाय आहे." खोटं नव्हतंच ते. पण त्या वाक्याला इस्त्री होती, आणि आमच्या घरात इस्त्री नव्हती.

बाबांनी आईवर कधी हात टाकला नाही, हे मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आलो आहे, आणि दर वेळी सांगून झाल्यावर वाटतं, यात अभिमान कसला? ते प्याले की रडायचे. ओटीवर बसून आईची, माझी, बैलांचीही माफी मागायचे, मोठ्यानं, म्हणजे सगळ्या वाडीला ऐकू जायचं. आई त्यांच्यापुढे भात आणि वर सुकटीचं कालवण ठेवायची. त्यांनी ताट बाजूला सारलं की ती तेच ताट उचलून, पाठीमागच्या पडवीत जाऊन, त्यातलंच जेवायची. मी जेवत असताना ती मला नेहमी म्हणायची, "तू बघू नको तिकडं. तू पुस्तक बघ." मी पुस्तक बघत गेलो. सात पिढ्यांत अंगठा न उठवणारा मी पहिला. महाडच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालो आणि पुण्याला कॉलेजात गेलो, त्याच्या मुळाशी विद्येची ओढ किती आणि ओटीकडे न बघण्याची सवय किती, हे आता या वयात मला वेगळं करता येत नाही.

आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे शपथ घ्यायची. बेलाचं पान आणि भंडारा हातात घ्यायचा, ग्रामदेवतेचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, आजपासून जन्मात शिवणार नाही. बाबांनी ती शपथ किती वेळा घेतली याची मोजदाद नाही. बेलभंडार संपला की माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. भावकीतला एक म्हातारा थट्टेनं म्हणाला होता, "पोराला टक्कल पडंल रे धोंडू, त्याच्या डोक्यावर आता जागा नाय." जन्माची शपथ आठवड्यात मोडायची, कधी तीन दिवसांत. आणि एकदा मोडली की बाबा जास्त प्यायचे, कारण आता दारूबरोबर देवाचाही अपराध व्हायचा.

मी कॉलेजातलं पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो, तेव्हा बाबा एका दुपारी घाटातून चालत परत आले. बरोबर एकच बैल. वळणावर गाडीचं चाक कड्यावरून निसटलं होतं. बाबा गाडीत झोपलेले, ते एका अंगाला फेकले गेले म्हणून वाचले. डावीकडचा बैल, पाखऱ्या, गाडीसकट, जुवासकट खाली गेला. उजवीकडच्याचं शिवळ, मानेशेजारची जुवाची खुंटी, तुटलं म्हणून तो उरला. बाबांनी उरलेल्या बैलाला दावणीला बांधलं आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेत स्वतः जाऊन बसले. आईनं हाक मारली तरी उठले नाहीत. आमच्याकडे बैल गेला की माणूस गेल्यासारखे लोक भेटायला येतात. तसे आले, बसले, तंबाखू खाऊन गेले. तिसऱ्या दिवशी काशीआत्या आली.

काशीआत्या बाबांची लांबच्या नात्यातली चुलतबहीण. पोलादपूरच्या गाडीतळापलीकडे तिचं घर होतं. नवरा दारूनं गेला, पदरी मूल नाही. ती ओटीवर आली तेव्हा बाबा बेलाचं पान हातात घेऊनच बसले होते, आईनं सूप भरून भंडारा पुढे ठेवला होता.

"काय चाललंय?" आत्या म्हणाली.

"शपथ घेतोय. आता जन्मात..."

"ठेव ते खाली. देवाला पण कंटाळा येतो." तिनं त्यांच्या हातातलं पान काढून घेतलं. "माझ्या मालकानं एकवीस शपथा घेतल्या, जन्माच्या. जन्म कुणी बघितलाय? तू सांज काढ."

"म्हंजे?"

"उद्या दिवस कलला की माझ्या पडवीत ये. दिवे लागेतोवर बस आन घरी जा. रोज सांजेचा तेवढा येळ काढायचा. दुसरं मी काय सांगत नाय."

आई पुढे सरली. "काशीबाय, तेवढ्यानं सुटंल?"

"सुटंल का नाय ते मला ठावं नाय गो. पण गुत्ता त्याच येळेला हाका मारतो. एकटा माणूस जातो. पाच जणं बसली तर जरा कमी जातात."

दुसऱ्या दिवशी बाबांना तिथं पोचवायचं काम आईनं माझ्याकडे दिलं, कारण वाटेत गुत्ता होता. मला ते मनापासून आवडलं नाही. पुण्याहून आणलेला पांढरा सदरा अंगात, आणि शेजारी तीन दिवस दाढी न केलेले बाबा. गुत्त्यापाशी आलो तेव्हा आतून कुणी ओरडलं, "धोंडू, बैल कुठं ठेवलास? आज पोरगा हाकतोय वाटतं!" बाबा हसले. मी त्यांच्यापुढे चार पावलं चालायला लागलो.

आत्याच्या पडवीत तीन माणसं होती आणि ती दोर वळत होती. अंबाडीचा वाख, सोललेला तंतू, ढिगानं पडलेला. एक माणूस खाली बसून हातातून वाख सोडतो, दुसरा दहा-बारा हातांवर उभा राहून लाकडी भिंगरीनं पीळ देत मागे मागे सरकतो. गाडीवानांना, शेतकऱ्यांना दोर लागतातच, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माणसं कामाला बसली आहेत. पण सोडणाऱ्याचा हात कापला की दोरात गाठ येते, आणि तो कंप दोरातून पलीकडच्याला कळतो. पलीकडचा काही बोलत नसे. जरा थांबायचा. हात स्थिर झाला की पुन्हा पीळ. शपथ नाही, उपदेश नाही, "कालची गेली का" असं कुणी कुणाला विचारत नसे. कुणी दोन दिवस आला नाही आणि तिसऱ्या दिवशी खाली मान घालून उंबऱ्याशी उभा राहिला, तर जवळचा माणूस सरकून जागा करायचा. आत्या कुळथाचं कळण द्यायची, लसूण आणि कोकम घातलेलं, इतकं गरम की वाटी पदरानं धरावी लागे. तोंडात काही कडक हवं असतं त्या वेळी, असं ती म्हणायची.

त्या माणसांत भागोजी होता. पलीकडच्या वाडीतला शेतकरी, भाताची चार खाचरं, आणि तोंड असं की मर्तिकाला आला तर लोकांना हसू आवरेना. त्यानं पहिल्याच दिवशी बाबांना दोराचं टोक दिलं आणि म्हणाला, "घ्या गाडीवान. हितं बैल झोपले तरी चालतात, गाडीवानानं जागं ऱ्हायचं." मला वाटलं बाबा उठून जातील. ते हसले, पण गुत्त्यापाशी हसले तसं नाही. मग हळूहळू त्यांनीही एक-एक सांगायला सुरुवात केली. मान खाली, डोळे दोरावर. घाटातलं वळण, पाखऱ्याच्या गळ्यातले घुंगूर खाली जाताना किती वेळ ऐकू येत राहिले ते. मी ते पहिल्यांदा ऐकलं. घरी आम्हांला त्यांनी सांगितलं नव्हतं. भागोजीनंही सांगितलं, त्यानं पेरणीचं भात गुत्त्यावर कसं पोचवलं ते. त्याची पोरगी यमू तेव्हा लहान होती, ती त्याच्या मागे रडत आली होती, "बाबा, ते पेरायचं हाय." हे सांगताना त्याला विनोद सुचला नाही.

उठताना आत्या एकदाच म्हणाली, "हितलं हितंच." मला वाटलं, ती वाख इथंच ठेवा म्हणतेय. खरंच असं वाटलं. आता मी हे लिहितो आहे आणि माझं मलाच पटत नाही, पण शिकलेल्या माणसाला कधी कधी सरळ वाक्य कळत नाही.

ती सुट्टी संपली, मी पुण्याला परतलो. आईला लिहिता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांकडून तिची पत्रं यायची आणि प्रत्येक पत्रात मास्तरांच्या वळणदार अक्षरात एक वाक्य असे: "तुझे वडील सांज काढतात." पावसाळाभर ते वाक्य आलं. माझ्या खोलीतल्या मित्रांमध्ये त्या दिवसांत दारूबंदीची चर्चा जोरात होती, पांढऱ्या टोप्या घालून मुलं गुत्त्यांपुढे उभी राहत होती. मीही एकदा उभा राहिलो. एका मित्राचा काका मुंबईत एक साप्ताहिक काढायचा. तो म्हणाला, "खेड्यातलं काही असेल तर लिही, पण पोकळ नको. नावगाव पाहिजे." मी दोन रात्री बसून लिहिलं. मथळा दिला: 'एका खेड्यातील मूक क्रांती'. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही: 'ज्या करांनी काल सुरेचे चषक उचलले, तेच कर आज उद्योगाचे सूत्र विणीत आहेत.' चषक! आमच्याकडे दारू करवंटीत घेत.

नावगाव पाहिजे म्हणून मी नावं दिली. भागोजीचं नाव, त्याच्या वाडीचं नाव, पेरणीच्या भाताची हकिगत, यमूचं रडणं. पडवीतल्याच तुकारामाचं नाव. रामा शेलाराचं नाव, त्याला सगळे मामाच म्हणायचे तेही लिहिलं. त्या दोघांच्याही गोष्टी, मी ऐकल्या तशा. मग पाखऱ्याची गोष्ट आली. ती सगळ्यांत चांगली होती, लिहिणाऱ्याला ते कळतं. मी टाक शाईत बुडवला आणि थांबलो. कॉलेजातल्या पोरांच्या हातात हे पडणार होतं. मला वाटलं, पाखऱ्याची गोष्ट मोठी आहे, जागा पुरणार नाही. खरं म्हणजे जागा भरपूर होती. मी लिहिलं: 'भागोजी, तुकाराम, रामा वगैरे.'

अंक छापून आला तो दिवाळीच्या तोंडावर. काकांनी पाच प्रती दिल्या. त्या मी घरच्या वाटेवर ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवल्या होत्या, चुरगळू नयेत म्हणून. घरी पोचलो तर बाबा दाढी केलेले, अंगणात दुसरी गाडी, उरलेल्या बैलाशेजारी दावणीला नवा खोंड उभा, आणि आईच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरून गेल्यासारखं. तिनं माझ्यासाठी तांदळाच्या पिठाचे घावन घातले आणि नारळाच्या दुधात गूळ घालून दिला. मी खाल्लं आणि त्याच सांजेला अंक काखेत मारून बाबांबरोबर आत्याच्या पडवीत गेलो. या वेळी मी त्यांच्याबरोबरीनं चाललो. गुत्त्यापाशी तर जरा सावकाशच.

"पोरानं छापलंय," बाबांनी आत जाताच सांगितलं. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "आपल्या पडवीचं छापलंय. मुंबैत."

दोर थांबला. आत्यानं कंदिलाची वात वर केली. मी मधोमध उभा राहून वाचायला लागलो, शाळेत कविता म्हणत असू तसं. भागोजीचं नाव आलं तेव्हा भागोजी हसला आणि म्हणाला, "आयला, मी!" मग पेरणीचं भात आलं. यमूचं रडणं आलं. भागोजीचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण आतून निघून गेलं. मी वाचत होतो. तुकारामानं हातातला वाख खाली ठेवला. मी तरीही वाचत होतो. संपलं तेव्हा कळणाच्या वाट्या तशाच होत्या आणि वर साय धरली होती.

पहिलं कोण बोलावं, तर बाबा.

"सखा, ते वगैरे म्हंजे कोण?"

मी म्हटलं, "म्हणजे... आणि इतर. बाकीचे."

"बाकीचे कोण? हितं आम्ही सा जणं. दोघं नवी आलीत, ती तू ऐकलीबी नायस. ऱ्हायलं कोण?"

 त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचता येत नसताना त्याच्यावर बघितलं, आणि परत दिला.

"तर मी वगैरे."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते असं म्हटलं की जसं एखाद्याला सांगावं, तुझं नाव हे आहे, आणि त्यानं ते लक्षात ठेवण्यासाठी एकदा म्हणून बघावं.

भागोजी उभा राहिला. "यमूचं तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही. "कशेडीखालचं घर. पोरगा मुंबैला गिरणीत."

"त्यांना कुठं वाचता येतंय," रामामामा म्हणाला.

"मुंबैत एकाला आलं की खोलीतल्या वीस जणांना येतं."

आत्या माझ्याजवळ आली. तिनं कागदावर बोट ठेवलं. "छान लिवलंस. आता पूस."

"आत्या, छापलेलं पुसत नाही."

"मग लिवलंस कशाला?"

पाचव्या दिवशी कशेडीहून निरोप आला. गिरणीतला मुलगा दिवाळीला घरी आला होता. त्याच्या खोलीत तो अंक मोठ्यानं वाचला गेला होता आणि त्याला लोक आठवडाभर म्हणत होते, "काय जावई, पेरणीला भात शिल्लक हाय का?" सोयरिक मोडली होती. भागोजी त्या सांजेला पडवीत आला नाही. दुसऱ्याही नाही.

बाबांनी सकाळी गाडी जुंपली आणि मला म्हणाले, "चल." आईनं भाकरी बांधून दिली, कुणी ती सोडली नाही. दुपारी आम्ही कशेडीच्या पायथ्याशी त्या घरी पोचलो. मुलाचा बाप अंगणात भाताची उडवी रचत होता. धिप्पाड, शांत माणूस. त्यानं पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मी पुण्याहून आणलेलं सगळं मराठी गोळा करून बोलायला लागलो, की लेखाचा हेतू उदात्त होता, भागोजीराव हे खरे तर आदर्श आहेत, पतित होऊन उठणं हे न पडण्यापेक्षा...

"ह्यो कोण?" त्यानं बाबांना विचारलं.

"माझा पोरगा. ह्यानंच लिवलंय. त्यात एक नाव ऱ्हायलंय, ते सांगायला आलोय. माझं. भागोजीनं भात घालवलं, मी बैल घालवला. भात फिरून पिकतं, बैल फिरून येत नाय. मग पिणारा मोठा कोण, ते तुमी ठरवा. पण पोरीचा ह्यात काय गुन्हा?"

त्या माणसानं एक पेंढी उडवीवर नीट लावली. "गाडीवान, तुमचं खरं हाय. पिणारा सोयरा मला चालला असता. माझा भाऊ पितो. दारू सोडलेला तर डोक्यावर घेतला असता. पण छापून आलेला सोयरा मी कसा करू? सुटलेली दारू लोक इसरतात. कागद इसरत नाय." मग त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, अगदी साधेपणानं, "तुमी बापाचं नाव कशापायी गाळलंत? जागा नव्हती?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

आयुष्यात मी पुष्कळ परीक्षा दिल्या. एवढं बरोबर उत्तर पुन्हा कधी दिलं नाही, आणि त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही. त्यानं मान हलवली आणि उरलेल्या पेंढ्या उचलायला लागला.

परतताना घाटाच्या सावलीत बाबा पुढे बघत गाडी हाकत होते, टक् टक् करत. मग म्हणाले, "फिरून कवा लिवलंस तर पयलं नाव माझं घाल. ते घालताना हात थांबला, तर दुसऱ्याचं बी घालू नको." एवढंच. त्यानंतर त्या लेखाविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

सुट्टीचे उरलेले दिवस मला अजून अंगावर येतात. भागोजी गुत्त्यात बसायला लागला होता, तिथं हशा पिकवत होता. आणि बाबा रोज सांजेला पडवीत न जाता गुत्त्यासमोरच्या पिंपळाच्या पारावर जाऊन बसायचे. आत वास, हाका, करवंट्यांचा आवाज, आणि दहा पावलांवर माझे बाबा, सहा महिन्यांचे कोरडे, हात मांडीखाली दाबून धरलेले. भागोजी बाहेर आला की त्याला घरी पोचवायचं, म्हणून. मी वेड्यासारखा त्यांना म्हणालो, "बाबा, तुम्ही इथं बसू नका. तुम्हीच आत जाल."

"जाईन बी," ते म्हणाले. "म्हून तर आत्या येऊन बसते."

खरंच, काशीआत्या पाराच्या दुसऱ्या बाजूला बसली होती, वाखाचा पुंजका मांडीवर घेऊन. बाजारपेठेत, भर रहदारीत, विधवा बाई गुत्त्यापुढे. लोक काय म्हणत असतील ते मला कळत होतं. तिलाही कळत असणार. मी विचारलं, "मी बसू?" ती म्हणाली, "तू नको. तुला बघितला की तो आत जातो."

मी कॉलेजात परतलो. त्या वर्षी बाबा दोनदा प्याले, मास्तरांनी ते पत्रात सभ्यपणे लिहिलं. त्यानंतर प्याल्याचं माझ्या कानावर नाही. भागोजी शिमग्यानंतर पडवीत आला, उंबऱ्याशी उभा राहिला आणि बाबांनी सरकून जागा केली, असं मला पुढे आईनं सांगितलं. पण तो विनोद करत नसे. यमूचं लग्न दोन वर्षांनी झालं, मुंबईतल्या एका बिजवराशी, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. ती मला नंतर एकदाच भेटली, महाडच्या बाजारात, कडेवर मूल. मला ओळखलं. "बरे हाव ना?" म्हणाली. मी काही बोलण्याआधी ती पुढे गेली. मला अनेकांनी आयुष्यात माफ केलं आहे, काहींनी केलेलं नाही. तिनं काय केलं ते मला कळलं नाही, आणि विचारण्याचा अधिकार माझा नव्हता.

मी बी. ए. झालो तेव्हा पास झालेल्यांची यादी वर्तमानपत्रात आली. ते पान घेऊन मी घरी गेलो. या वेळी ट्रंकेत खाली, कपड्यांच्या आत ठेवलं होतं. दाखवावं की नाही तेच ठरत नव्हतं. आईनं सांगितलं म्हणून काढलं. बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "तुझं कुठं हाय?" मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. सखाराम धोंडू, असं पुरं छापलं होतं, आडनावासकट.

"ह्यात माझं कुठलं?"

"मधलं."

त्यांनी बोट मधल्या शब्दावर सरकवलं आणि तिथंच ठेवलं. आई मागे उभी होती. मला वाटलं, आता ते काही म्हणतील.

"आन भागोजीचं नाय ना ह्यात?"

"नाही, बाबा. ही परीक्षेची यादी आहे."

"नीट बघ. सगळी वाच."

मी पहिल्या नावापासून सुरुवात केली. दोन रकाने होते. एकेक नाव मी मोठ्यानं वाचत गेलो, माझ्या ओळखीची, अनोळखी, सगळी. मध्ये आईनं दिवा आणून ठेवला. शेवटचं नाव वाचून होईपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.